रवळूचा वाटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सुरंगवेळच्या किनाऱ्यावर तेव्हा रस्ता नव्हता, धक्का नव्हता, यंत्राची होडी कुणी पाहिलेली नव्हती. मागे माड, पुढे समुद्र, मध्ये वाळू आणि गावाची मिळून एक रापण. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत जायचं, आणि मग गावानं दोन्ही टोकांचे दोर धरून काठावर ओढायचं. म्हातारे ओढायचे, बाया ओढायच्या, नुकती चालायला लागलेली पोरंसुद्धा दोराला लोंबकळायची. त्यांच्या लोंबकळण्यानं जाळं पुढे येत होतं की मागे जात होतं, देव जाणे. पण ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळायचाच.

मोठ्या माणसाला पूर्ण वाटा, जाणत्या पोराला अर्धा आणि बारक्यांना पाव. हे वाटे पाडायचं काम रवळूकडे होतं. असं म्हणतात, रवळूनं पाडलेल्या दोन ढिगांच्या मध्ये कावळा बसला तर कुठला उचलू ते त्याला ठरवता येत नसे, आणि तो उपाशीच उडून जाई.

रवळूला एक धाकटा भाऊ होता, पुनो. आईबाप लवकर गेले आणि पुनोला रवळूनंच वाढवलं. पंतोजींकडे शिकायलाही घातलं होतं. पण पंतोजींनी एकदा छडी उगारली, तेव्हा पुनोनं ती हिसकावून समुद्रात फेकली आणि घरी आला, तो परत गेला नाही. त्याचं सगळं तसंच असायचं. आधी हात चालायचा, मग डोकं. रवळू हसायचा. घरात एकच भाकरी असली की रवळू ती मोडायचा आणि म्हणायचा, "मी मोडलंय, आता आधी तू उचल." पुनो दोन्ही तुकडे निरखून बघायचा आणि एकही मोठा सापडायचा नाही.

एका सकाळी रापण टाकताना खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाकीचे पोहत आले. रवळू आला नाही.

पुनो पाण्याकडे तोंड करून बसून राहिला. कुणी पेज आणून दिली तर भांडं लाथाडायचा, आणि मग स्वतःच ते उचलून धुऊन परत नेऊन द्यायचा. पुढच्या रापणीला मात्र तो उठला आणि म्हणाला, "दादाचा काम मी करतलंय." कुणी नको म्हटलं नाही.

सुरंगवेळची एक रीत होती. वाटे पडले की ज्यानं त्यानं आपली खूण टोपलीत टाकायची. कुणाचा शिंपला, कुणाची चिंधी, कुणाची माडाच्या हिराची काडी. मग एकानं ढिगांकडे पाठ करून टोपलीतून एकेक खूण काढायची आणि दुसऱ्यानं ती ओळीनं एकेका ढिगावर ठेवायची. म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको. रवळूची खूण होती करवंटीचा एक गुळगुळीत तुकडा. पुनोनं आपली खूण टाकली आणि तिच्यामागून करवंटीचा तुकडाही टाकला.

एका ढिगावर ती करवंटी आली. त्या ढिगाला कुणी हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत तो तसाच वाळूवर राहिला आणि पुनो कावळे हाकलत त्याच्याशेजारी बसला.

पुढच्या रापणीला तेच. त्याच्या पुढच्याही.

माणसं बोलू लागली. एक वाटा जास्त पडला की बाकीचे सगळे थोडे थोडे लहान होतात, हे कळायला पंतोजी लागत नाहीत. जेवणा म्हणून एक तिखट जिभेची बाई होती. ती टोपली कमरेवर घेऊन पुनोसमोर उभी राहिली. "आमच्या ढिगातले बांगडे मेलेल्याक, मगे जित्यांनी काय वाळू खावची?"

पुनोनं हातातला बांगडा आपटला. "दादा रापणीत आसा! मी आसंय तोपर्यंत तो आसा!"

आणि बारक्या पोरांचे तर हालच होते. मोठ्यांचे ढीग पुनो बरे करायचा, पण अर्धा आणि पाव त्याला जमेना. रवळूचं बोट नुसतं ढिगावरून फिरायचं आणि वाटे सुटे व्हायचे. ते बोट काय करत होतं हे पुनोनं कधी पाहिलंच नव्हतं. चार बारक्यांपुढे तो एक ढीग ढकलायचा आणि म्हणायचा, "घ्या, वाटा तुमचे तुम्ही." की लगेच केस ओढणं, वाळू फेकणं, रडणं.

एक दिवस धाकू तांडेलाची नात शेवू रडत नव्हती. धाकू तांडेल रापणीचा म्होरक्या, गावात त्याचा शब्द चालायचा, आणि नात त्याच्याहून ठाम. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माका पाव नको. माका अर्धो होयो."

"तू बारकी. तुका पाव."

"मगे चारांतलो दी. दोनांतलो नको. चार मोठो!"

पुनोला हसू आलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. तो वाळूत मांडी घालून बसला आणि त्यानं एक ढीग पुढ्यात ओढला. "ये. चारांतलो कसो मोठो तां बघूया." त्यानं शेवूच्या हातात काठी दिली. "मधोमध रेघ मार."

शेवूनं रेघ मारली. एका बाजूला जाडजूड बांगडे, दुसऱ्या बाजूला किडूकमिडूक.

"झाले दोन!" ती म्हणाली.

"दोन झाले. अर्धे नाय झाले." हे शब्द आपल्या तोंडून कसे आले ते पुनोला कळलं नाही. आवाज आपला आणि बोलणं दादाचं, असं त्याला वाटलं. "सारखे होतीत तेव्हा अर्धे. आता तू रेघ मारलस, तर आधी उचलतलो दुसरो."

शेवूनं दुसऱ्या पोराकडे पाहिलं, मग जाडजूड बांगड्यांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं दोन इकडचे तिकडे केले. मग अजून एक. पोरं वाकून वाकून बघू लागली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तेव्हा कुणालाच आधी उचलायची घाई उरली नाही.

"आता ह्या अर्ध्यात परत रेघ."

तिनं रेघ मारली. दुसऱ्या अर्ध्यातही मारली. ढिगाचे चार ढीग झाले. शेवू आपल्या पावाकडे पाहत राहिली. "रे देवा," ती म्हणाली, "जितके जास्त वाटेकरी, तितको वाटो बारको!"

"मगे? होयो तुका आठांतलो?"

"नको गे बाय!"

त्या दिवसापासून सुरंगवेळची पोरं वाळूत रेघा मारायला शिकली. असं म्हणतात, तिथली पोरं बोलायच्या आधी अर्धं करायला शिकायची. माडाच्या झापाचं अर्धं, गुळाच्या खड्याचं पाव, तीन पाव एकत्र ठेवले की त्याला पाऊण. ढीग मोठा असो की लहान, त्याचं अर्धं त्याच्याच मापानं. हे सगळं पुनोनं शिकवलं, ज्याला शंभरापर्यंत मोजताही येत नव्हतं.

पण करवंटीचा वाटा काही थांबला नाही. मासळी कमी यायला लागली तसा गावाचा धीर सुटला. शेवटी धाकू तांडेल पुनोजवळ येऊन बसला. त्यानं आवाज चढवला नाही.

"पुन्या, मेलेलो माणूस मासळी खाता काय रे?"

पुनो बोटानं वाळूत रेघ ओढू लागला.

"उद्याची रापण शेवटची. तेच्यानंतर रवळूची खूण टोपलीत पडता नये. गावान ठरवल्यान."

पुनोला वाटलं, होडी पुन्हा उलटली. पहिल्यांदा समुद्रानं नेलं होतं, आता गाव नेणार. खूण नाही म्हणजे वाटा नाही, आणि वाटा नाही म्हणजे या वाळूवर रवळू नावाचं कुणी नव्हतंच. उठून धाकूचा गळा धरावा असं त्याच्या हातांना वाटलं. हात त्यानं वाळूत खुपसून ठेवले.

दुसऱ्या दिवशी रापण ओढली. वाटे पडले, खुणा पडल्या. माणसं आपापले ढीग घेऊन निघाली, आणि करवंटीचा ढीग मागे राहिला. भरती सुरू झाली होती. पुनो ढिगाशेजारी बसला. समुद्र येऊन हाही वाटा नेणार, तो नेताना तरी आपण इथं असावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

शेवू येऊन उभी राहिली. मागे बाकीची पोरं.

"ह्या सगळा रवळूदादाच खातलो?"

"होय."

"एकटोच?"

पुनो तिच्याकडे बघत राहिला. भाकरीचे ते दोन तुकडे त्याच्या डोळ्यांपुढे आले. दादानं कधी एकट्यानं खाल्लं होतं? एकदा तरी? मग त्यानं काठी उचलली आणि ढिगाच्या मधोमध रेघ मारली.

"ह्यो अर्धो दादाचो. ह्यो अर्धो तुमचो. उचला."

पोरांनी उचलला. तोवर आणखी पोरं धावत आली. पुनोनं दादाच्या अर्ध्यात रेघ मारली. अर्ध्याचा अर्धा पोरांना, अर्ध्याचा अर्धा दादाला. आणखी आली. पुन्हा रेघ. ज्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार नव्हती तीही आली, शेजारच्या वाडीतली आली. पुनो रेघ मारत गेला. दर वेळी अर्धा जायचा आणि दर वेळी अर्धा उरायचा.

"उरलो?" शेवू विचारायची.

"उरलो," पुनो म्हणायचा.

असं म्हणतात, तेव्हा भरतीनंही तेच केलं. लाट आली ती वाळूचं निम्मं अंतर चढून थांबली. दुसरी आली ती उरलेल्याच्या निम्म्यावर थांबली. तिसरी त्या उरलेल्याच्या निम्म्यावर. प्रत्येक लाट जवळ येत होती आणि ढिगापर्यंत एकही पोचत नव्हती. माणसं परत फिरून बघायला आली. जेवणा टोपली घेऊन उभीच राहिली. धाकू तांडेलानं डोक्याचं फडकं काढलं. समुद्र पुनोच्या पायांपाशी चमकत होता, वाळूवर एका खवल्याएवढी मासळी उरली होती, पोरं पोटभर घेऊन गेली होती आणि अजून उरलं होतं.

धाकू तांडेल खाली वाकला. त्यानं वाळूतली करवंटी उचलली, पुसली आणि आपल्या हातानं टोपलीत टाकली.

त्यानंतर सुरंगवेळमध्ये कुणी त्या वाट्याबद्दल कुरकुर केली नाही. पुनो म्हातारा झाला, पोरांची पोरं त्याच्याकडे रेघा शिकली. तो कधी गेला ते कुणी सांगत नाही. काही म्हणतात तो एका भरतीला समुद्राकडे चालत निघाला, निम्मं अंतर गेला, मग उरलेल्याचं निम्मं, आणि अजून चालतोच आहे.

आजही तिथं हंगामाची पहिली रापण ओढली की एक वाटा जास्तीचा पडतो. मोठी माणसं त्याला शिवत नाहीत. त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल त्या घरातलं सगळ्यात लहान पोर पुढे येतं, आणि गावातली बाकीची पोरं त्याच्याभोवती गोल करून विचारतात, "ह्यो वाटो कोणाचो?"

त्या पोरानं गेलेल्याचं नाव घ्यायचं. मोठ्यानं, समुद्राला ऐकू जाईल असं. कधी कधी ते नाव लवकर निघत नाही. पोर उभंच राहतं, ओठ हलतात, आवाज येत नाही. तेव्हा कुणी घाई करत नाही, कुणी त्याच्यासाठी नाव सांगत नाही, भरती चढत असली तरी. सगळं गाव ओले दोर हातात धरून थांबतं.

मग नाव येतं. आणि कुणीतरी त्याच्या हातात काठी देतं.