भोपळ्याचा कर्णा

जंगलात अजून दुकानं होती, त्या काळी अस्वलरावांच्या ग्रामोफोनचा कर्णा फुटला. बायकोला घेऊन ते सुतारपक्ष्याच्या दुकानात गेले.

सुतारपक्ष्याने आधी महागातला पितळी कर्णा लावून दाखवला. बुलबुलाचं गाणं असं खणखणीत निघालं की अस्वलराव चाटच पडले. अस्वलीणबाई मात्र परक्या घरी आल्यासारख्या अंग चोरून बसल्या.

मग स्वस्तातला, भोपळ्याचा कर्णा लागला. तेच गाणं जरा घोगरं आलं, आणि अस्वलीणबाई नकळत त्याच्याबरोबर गुणगुणू लागल्या.

"हाच बांधून द्या," अस्वलराव म्हणाले.

सुतारपक्षी तडकला. "अहो, पितळेला तोड आहे का? छातीवर हात ठेवून सांगा, आवाज कुणाचा चांगला?"

अस्वलरावांनी हळूच बायकोकडे बोट दाखवलं.

"हिचा."