कुंकू लावलेला माईक

वस्तूंना अजून तोंडं होती, त्या काळची गोष्ट. एका शाळेत बिनतारी माईक आला. हेडमास्तर गायधनी सरांनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि "वापरला तर खराब होईल" म्हणून प्लॅस्टिकसकट कपाटात कोंडला. तिकडे साठ पोरांपुढे ओरडून तांबोळी बाईंचा घसा पार बसला.

माईक मात्र गर्वाने फुगला. शनिवारी शिपाईमामा कपाट पुसायला आले, की शेजारचा चार्जर विनवायचा, "अरे, तुझाच आवाज मोठा, मामांना हाक मार, मला विजेच्या बोर्डात खोचायला सांग. असाच पडून राहिलास तर बॅटरी मरेल."

"देवाला कुणी चार्ज करतं का?" माईक गुरकावायचा.

वर्षभराने तपासणीला साहेब आले. सरांनी ऐटीत माईक काढून बाईंच्या हाती दिला. आवाज नाही. सरांनी फू फू केलं, टिचक्या मारल्या, शेवटी आपटलाही. मग बाईंनी बसक्या घशानेच धडा शिकवला.

सर साहेबांना म्हणाले, "बघा, न वापरता ही गत! वापरला असता तर काय झालं असतं?"

पुढच्या महिन्यात नवा माईक आला. या वेळी कपाटाला दोन कुलपं लागली.