अक्कूबाईची पळी

एकदा काय झालं, कुंभेरी गावातल्या मठाला हजार वर्षं पुरी झाली. हजार! म्हणजे किती ते उद्या सांगेन, आत्ता पाय पांघरुणात घ्या.

त्या मठात एक मोठा हंडा होता आणि एक चांदीची पळी होती. त्या पळीने वाढलं की हंड्यातली खिचडी संपायचीच नाही. मात्र रीत अशी, की पहिली पळी दारात आलेल्या सगळ्यात नव्या माणसाला. स्वामींचं पान त्याच्यानंतर. वाढायची अक्कूबाई. ती लहानपणी उपाशीच त्या दाराशी आली होती, बरं का, आणि त्या दिवशीची पहिली पळी तिच्या पानात पडली होती. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "या दारातून कोणी रिकाम्या पोटी जायचं नाही."

राजाला वाटलं, एवढ्या जुन्या मठाचा मान करावा. चांदीचं नाणं पाडावं. एका बाजूला मठ, दुसऱ्या बाजूला हंडा आणि पळी. राजा म्हणाला, "मान गावाचा, तर चांदीही गावाचीच हवी."

मग टांकसाळीचा कारभारी तराजू घेऊन आला. बायकांनी जोडवी काढून दिली. चांदी कमी पडली. मग पोरांच्या उष्टावणाच्या वाट्या आल्या. तरी कमीच. मग कारभाऱ्याची नजर पळीवर गेली.

"अहो, तिचंच चित्र काढताय ना?" अक्कूबाई म्हणाली. "मग तीच वितळवायची?"

"चित्र आलं की झालं, बाई. वस्तू झिजते, चित्र राहतं." मग तो हळूच म्हणाला, "पळीबरोबर तुमचा चेहराही काढू की."

अक्कूबाईने पदर सारखा केला. जन्मात तिचं चित्र कोणी काढलं नव्हतं. रेवू, अशी बघू नकोस. तुझ्या आईने तरी काय केलं असतं, कोण जाणे. अक्कूबाईने पळी चिंचेने घासली, लखलखीत केली आणि आपल्याच हाताने तराजूत ठेवली.

नाणी झाली. ढोल वाजले. पहिलं नाणं राजाने अक्कूबाईच्या हातावर ठेवलं. चेहरा हुबेहूब होता. फक्त नाक जरा सरळ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंगत उठली आणि दाराशी एक बाई आली. कडेवर पोर. अक्कूबाईने लाकडी पळी हंड्यात घातली. नुसतीच खरवड. मग पितळी घातली. ठण्ण! रिकामा हंडा वाजला. मग तिने नाणं काठीला बांधलं आणि हंड्यात फिरवलं.

आणि काय झालं सांगू? नाण्यावरच्या हंड्यातून वाफ यायला लागली. खरीखुरी! तुपाचा वाससुद्धा आला. पोराने वाकून नाणं चाटलं. मग ते रडायला लागलं.

स्वामी आतून म्हणाले, "अक्कू, नाणं तरी नीट दाखव तिला. लांबून आलीय."

त्या बाईने नाणं उजेडात धरलं. "या तुम्हीच ना? पळी छान आहे हो," ती म्हणाली. मग नाणं परत देऊन, पोराला खांद्यावर घेऊन पुढच्या गावाच्या वाटेला लागली. अक्कूबाई दारातच उभी राहिली. तिचं स्वतःचं पान त्या दिवशी वाढलंच गेलं नव्हतं.

राजा सुखात राहिला. कारभारीही राहिला. स्वामी तर फारच सुखात, कारण आता पहिलं पान त्यांचंच वाढतात. आणि नाण्यावरची अक्कूबाई हातात पळी धरून अजून हसतेय.

काय गं? पुढच्या गावात बाळाला जेवायला मिळालं का?

मिळालं असेल. नाही, मिळालंच. गरम गरम, वर तूप घालून. बघ, मी सांगतेय ना. आता मिटा डोळे.