कडेकोट पेटी

"सही कधी करताय चाचा?"

मुलाणी चाचा दुधाच्या टाकीवरचं, तापमान दाखवणारं काट्याचं घड्याळ फडक्यानं पुसत होते. पुसून झालं. काचेवर 'हा' करून त्यांनी ते पुन्हा पुसलं.

"कशावर?"

"कशावर म्हणजे काय! तीन आठवडे खपून पेटी कडेकोट केली मी. साहेब म्हणालेत, मुलाणींची सही झाली की तू कायम. नाही झाली तर दसरा झाला की पुण्याची एसटी धर."

हा निनाद टिपणीस. वय पंचवीस. अंगावर इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप आणि नावावर तीन प्रमाणपत्रं. ही प्रमाणपत्रं तीन आहेत, हे दूध संघात फाटकावरच्या कुत्र्यालासुद्धा पाठ झालं होतं.

आणि मुलाणी चाचा म्हणजे संघाचे मिस्त्री. दूध गार ठेवायची सगळी यंत्रणा बत्तीस वर्षं यांच्या हातात. महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. बोलणं फार कमी. कुणी काही विचारलं, की आधी जवळचा एखादा नट पिळून बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. कधी कधी नटावरच भागायचं.

आता ती पेटी. तिला म्हणतात स्विच, पण म्हणून कुणी तिच्यात दिव्याचं बटण शोधायला जाऊ नये. डबा असतो एक, त्याला ओळीनं भोकं. टाकीची तार एका भोकात, पंपाची दुसऱ्यात, पिशव्या भरायच्या यंत्राची तिसऱ्यात. टाकी म्हणते, "दूध तापलं गं बाई." पेटी ते पंपाच्या कानात सांगते. पंप सुरू होतो आणि टाकीभोवती गार पाणी फिरवतो. गावात हेच काम एखादी शेजारीण करते. ही पेटी शहाणी जातीची होती. कुणी कुणाशी बोलायचं, कुणाला दारात उभं करायचं नाही, सगळं तिला शिकवता येत होतं. आणि निनादनं ते शिकवलं होतं!

"सांग बघू," चाचा म्हणाले. "काय काय केलंस?"

निनाद याचीच वाट बघत होता.

"कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. नवा बावीस अक्षरी. रिकामी भोकं बंद. आणि प्रत्येक भोकाला त्याचं त्याचं यंत्र बांधून दिलं. दुसऱ्या कुणी तार खुपसली, की पेटी ओळखते, परका आला! लगेच भोक बंद. मी येऊन उघडेपर्यंत बंदच."

"आणि पेटीच्या आत?"

"आत फक्त मी."

"तू नसलास तर?"

"मी असणारच की."

चाचांनी एक नट पिळून पाहिला. "तुला ओळखते ती?"

"मला म्हणजे... माझ्या लॅपटॉपला ओळखते."

"मग तू कोण?"

निनाद हसला. म्हाताऱ्याला कसं समजवायचं!

"मी म्हणजे माझा लॅपटॉपच समजा चाचा."

पेटीच्या कपाटाचं दार सताड उघडं होतं, तिकडं चाचांनी एकदा बघितलं...

"आणि चाचा," निनादला राहवेना, "हे काट्याचं घड्याळ आता काढून टाकू. स्क्रीनवर सगळं दिसतं. उगाच अडगळ."

चाचांनी अडगळीची काच तिसऱ्यांदा पुसली.

"सही?" निनादनं विचारलं.

"आज खंडेनवमी," चाचा म्हणाले. "आधी पूजा होऊ दे."

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा मान. शिपायाची तलवार, न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री, ज्याचं ज्यावर पोट त्याची पूजा. संघातही यंत्रं धुऊनपुसून झाली होती. शेवंतामावशी सकाळपासून ओलं फडकं घेऊन फिरत होती. बाई सफाईची, पण पूजेच्या दिवशी चेअरमनसुद्धा तिला विचारून चप्पल काढायचे. पाटावर लाल कापड घालून ती एकेकाचं हत्यार मागून घेत होती.

चाचांनी पाना दिला. खिशातलं पेनही दिलं. कारकुनांनी पेनं दिली, प्रयोगशाळेतल्या पोरींनी दुधात बुडवायची काचेची नळी दिली.

"तुमचं हत्यार कुठंय साहेब?"

निनादला आज कुणीतरी मान देत होतं. त्यानं छाती काढून लॅपटॉप पुढं केला.

"माझं हत्यार म्हणजे हेच मावशी. याच्याशिवाय इथं पान हलत नाही."

"मग मधोमध ठिवते."

आणि ठेवला की! मधोमध, चाचांच्या पान्याशेजारी. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वरून झेंडूचा हार. चेअरमननी नारळ फोडला. आरती झाली. निनादनं लॅपटॉपचा फोटो काढून आईला पाठवला.

मग प्रसाद. चाळीस माणसं पेढे खात होती, तेवढ्यात चाचांचा आवाज आला. मोठा नव्हता.

"निनाद... सहा झाले."

"सहा कुठले? आत्ताशी बारा वाजतायत."

चाचा काट्याच्या घड्याळासमोर उभे होते. दूध असावं चार अंशांवर. काटा सहावर होता.

निनाद धावत स्क्रीनकडं गेला आणि हसत परत आला. "स्क्रीनवर चारच आहे चाचा! तुमचं घड्याळ बिघडलंय."

चाचांनी त्याचा हात धरला आणि टाकीच्या पत्र्यावर टेकवला. मग पंपावर टेकवला. पंप गप्प होता.

"स्क्रीन सकाळचं दूध सांगतेय," चाचा म्हणाले.

टाकीत चाळीस हजार लिटर दूध. उद्या दसरा, घरोघर श्रीखंड. काटा आठवर गेला की ते सगळं ओतून द्यायचं. गावागावांतून बायांनी पहाटे पिळलेलं दूध गटारात! आणि मग कसली सही आणि कसलं कायम.

तो पेटीपाशी धावला. पेटी लख्ख पुसलेली होती. माथ्यावर कुंकवाचं बोट. टाकीच्या भोकावरचा दिवा विझलेला, पंपाच्या भोकावरचाही विझलेला.

"मावशी! याला हात कुणी लावला?"

"म्याच की. दार उघडंच व्हतं. तारा काढल्या, पुसलं, परत लावल्या."

"जशाच्या तशा?"

"त्यातल्या दोन तर निळ्याच. निळीला काय उजवंडावं असतंय व्हय?"

झालं होतं ते एवढंच. टाकीची तार पंपाच्या भोकात आणि पंपाची टाकीच्या. पेटीनं दोघांना पाहिलं, ओळख विचारली आणि दोघांनाही परकं ठरवून दारं लावून घेतली. स्क्रीनवर सकाळचा आकडा तसाच राहिला. बत्तीस वर्षांची घरची माणसं! शिकवलं तसं वागली बिचारी. तिचा काय दोष?

निनादनं तारांची अदलाबदल केली. दिवे लागले नाहीत.

"आता?" चाचांनी विचारलं.

"आता मी उघडेपर्यंत बंदच राहणार."

"मग उघड."

निनाद वळला आणि जागीच थबकला. लॅपटॉप पाटावर होता. हार घालून बसला होता.

त्यानं पुढं पाऊल टाकलं. शेवंतामावशी पाटाच्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली.

"साहेब, काय करताय?"

"मावशी, लॅपटॉप पाहिजे."

"पूजेला लावलेलं हत्यार उचलत्यात व्हय? दसरा उजाडू दे."

"अहो, तो लॅपटॉप आहे! तलवार नाही!"

"तुमीच म्हनला, माजं हत्यार म्हंजे हेच. म्या इचारलं नव्हतं व्हय?"

निनादनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. चाळीस तोंडं, प्रत्येकात अर्धा पेढा. एकही त्याच्या बाजूनं हलेना. याच माणसांत त्याला कायम व्हायचं होतं.

"चाचा, तुम्ही तरी सांगा हिला!"

"हिला सांगतो," चाचा म्हणाले. "काट्याला कोण सांगणार?"

काटा साडेसहावर होता.

निनादचं अवसान गेलं. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. खोटं कशाला सांगा, पोरगं रडकुंडीला आलं होतं.

"चाचा... पेटी मला ओळखत नाही."

"हां," चाचा म्हणाले. जणू तीन आठवड्यांत पोरगं पहिलं शहाणपणाचं वाक्य बोललं होतं.

ते पंपाच्या पॅनेलपाशी गेले. तिथं एक काळा खटका होता. तीन शब्द त्यावर: हॅण्ड, ऑफ, ऑटो. खटका 'ऑटो'वर होता. निनाद तीन आठवडे रोज त्याच्यासमोरून जात होता.

"फिरव."

"कुठं?"

"वाचता येतं ना?"

निनादनं खटका 'हॅण्ड'वर टाकला. पंप एकदा खोकला आणि घुमायला लागला. टाकीच्या अंगाभोवती गार खारं पाणी धावलं.

निनादनं सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत चाचांनी त्याच्या हातात लोखंडी चाक दिलं. पाणी कमीजास्त करायचं चाक.

"आता पंपाला कोण सांगणार, बास झालं म्हणून?"

"कोण?"

"जास्त सोडलंस तर दूध कडेनं गोठेल. कमी सोडलंस तर तापेल. काट्याकडं बघ. बोलू नको."

"किती वेळ?"

"पिशव्या भरून संपेपर्यंत."

म्हणजे दिवस मावळेपर्यंत!

निनाद उभा राहिला. इस्त्री तासाभरात गेली. दुसऱ्या तासाला तळहाताला फोड आला. काटा सातला टेकला, निनादनं चाक उघडलं. काटा पाचला आला, निनादनं चाक आवळलं. पहिल्या पहिल्यांदा तो काट्यामागं धावत होता. काटा खाली, हा वर, काटा वर, हा खाली. चाचा शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते.

तिसऱ्या तासाला काहीतरी झालं. काटा हलायच्या आधीच निनादचा हात हलला. पाइपाचा आवाज किंचित बदलला होता...

चाचांनी कप खाली ठेवला. नट मात्र पिळला नाही.

पिशव्या भरत गेल्या. गाड्या लागल्या, गाड्या गेल्या. ऊन पाटावरच्या झेंडूवर आलं. शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा काटा बरोबर चारवर होता आणि निनादचा चेहरा घामानं आणि ग्रीसनं ओळखू येत नव्हता.

शेवंतामावशी ताट घेऊन आली. तिचा राग दुपारीच उतरला होता. फक्त तिनं ते सांगितलं नव्हतं.

"हात आणा साहेब इकडं."

"कशाला?"

"कुंकू लावते. आज ह्योच हात तुमचं हत्यार."

निनादनं दोन्ही हात झटकन पाठीमागं नेले.

"नको मावशी! उद्या उजाडेपर्यंत उचलता यायचा नाही! मी जेवू कशानं?"

सगळे खो खो हसले. मावशी तर ताट खाली ठेवून हसली. चाळीस माणसांनी निनादला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, असं म्हटलं तरी चालेल.

हसणं ओसरलं. माणसं पांगली.

निनादनं सहीचा विषय काढला नाही. तो काट्याच्या घड्याळापाशी गेला, चाचांचं फडकं घेतलं, काचेवर 'हा' केलं आणि काच पुसली.

"कागद काढ," मागून चाचा म्हणाले.

निनादनं खिशातून कागद काढला. घामानं चोळामोळा झाला होता. चाचांनी तो मांडीवर सपाट केला आणि छातीच्या खिशाकडं हात नेला. खिसा रिकामा होता.

दोघांनीही एकदमच पाटाकडं बघितलं. पान्याशेजारी, लॅपटॉपला टेकून, चाचांचं पेन आडवं पडलं होतं. त्याच्यावर दोन अक्षता होत्या.

"तुझ्याकडं आहे?"

निनादकडं पेन नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच ऐटीत सांगितलं होतं, पेन ही अडगळ आहे म्हणून.

त्यानं मावशीच्या कुंकवाच्या ताटाकडं बघितलं. मग दबकत म्हणाला, "चाचा... हॅण्डवर टाका की."

चाचांनी वर बघितलं. बत्तीस वर्षांत त्यांना खळखळून हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहायला तिथं निनादशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी ताटातल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि कागदावर नाव छापलं होतं तिथं दाबून उमटवला.

निनादनं कागद दोन्ही हातांत घेतला. फुंकर घालून वाळवला. डोळे भरून बघितला.

पण खोड जाता जात नाही म्हणतात. त्याच्या कपाळावर एक आठी आली.

"चाचा, साहेब विचारतील... हा अंगठा तुमचाच कशावरून?"

चाचा दाराकडं निघाले होते. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"दूध नासलं नाही, त्यावरून."