सारखी ऊब

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहान शहरात जयंतराव मोहोळकर नावाचे गिटारवादक राहत होते. त्यांची गिटार छातीशी धरून वाजवायची नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून घरंगळत न्यायची. मग एक सूर दुसऱ्या सुराकडे असा सरके, की कोणी हुंदका गिळून बोलत आहे असे वाटे.

त्यांचा जोडीदार होता दस्तगीर मुल्ला. तो ॲकॉर्डियन वाजवी. त्या काळी शहरात एक रीतच पडून गेली होती. वरातीला बँड, मंगलाष्टकांना सनई आणि मुलीच्या पाठवणीला ही जोडी. मुलीचे वडील गिटार सुरू होईपर्यंत डोळे कोरडे ठेवतात, अशी थट्टा लोक करीत.

गिटारीचा आवाज एका लाकडी ॲम्प्लिफायरमधून येई. त्याला सगळे ‘पेटी’च म्हणत. पेटीच्या पाठीमागे, जुन्या रेडिओत असत तसे, काचेचे दोन मोठे व्हॉल्व्ह होते. आवाजाचे ओझे त्या दोघांनी वाहायचे. एकाने ढकलायचे, दुसऱ्याने ओढायचे. ते व्हॉल्व्ह थकले की नवी जोडी घ्यायला जयंतराव आणि दस्तगीर पेटी घेऊन चन्नाप्पा शेटे यांच्या रेडिओच्या दुकानात जात. शेटे वीज मोजायचे आपले माप लावून बघत. पण दस्तगीरची परीक्षा वेगळी होती. तो डोळे मिटून दोन्ही व्हॉल्व्हजवळ एकेक तळहात धरी. “सारखी ऊब आहे, घे,” असे त्याने म्हटल्याशिवाय जयंतराव जोडी घेत नसत.

पुढे दिवस पालटले. पाठवणीला माणसाएवढे स्पीकर येऊ लागले. शहरातली एकुलती एक टॉकीज बंद पडली. दस्तगीरची बोटे कापू लागली. जोडीला कोणी बोलावीनासे झाले आणि पेटीवर जयंतरावांनी जुनी चादर घातली.

एके सकाळी शैलाताई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठवणीला या दोघांनी वाजवले होते. आता त्यांच्या मुलीचे लग्न होते.

“काका, पाठवणीला तुम्हीच हवे. माझ्या वेळी वाजवलंत, अगदी तसंच.”

जयंतराव हरखून हो म्हणाले. शैलाताई गेल्या आणि त्यांच्या मनात काळजी शिरली. अगदी तसंच? त्यांनी चादर काढली, पेटी सुरू केली. दोन्ही व्हॉल्व्ह हळूहळू उजळले. मग एकाने तडतड केली आणि तो कायमचा विझला. दुसरा तेवत राहिला, पण मंद.

जयंतराव शेट्यांच्या दुकानात गेले. शेट्यांनी कपाटातून एक नवाकोरा परदेशी व्हॉल्व्ह काढला. काच चकचकीत, अंगाने दणकट.

“मास्तर, हा एकटा दोघांचं काम करील.”

“आणि त्या खोक्यात काय आहे?”

“बंद पडलेल्या टॉकीजच्या पेटीतले जुने व्हॉल्व्ह आहेत. चालतात, पण दम गेलाय त्यांचा. लोक जुनं म्हणून शोभेला नेतात.”

जयंतरावांनी खोक्याकडे पुन्हा पाहिलेही नाही. पूर्वीसारखे वाजायला हवे तर पूर्वीसारखी ताकद हवी, हा त्यांचा हिशोब. उरलेला व्हॉल्व्ह म्हातारा आहे, मग हा तरणा त्याला सांभाळून घेईल. त्यांनी नवा व्हॉल्व्ह घेतला.

एकदा मन त्या वाटेने गेले की थांबत नाही. घरी येताना त्यांना दस्तगीरची कापरी बोटे आठवली. शैलाताईंनी विश्वासाने सांगितले आहे. मांडवात शोभा झाली तर? त्यांनी शहरातल्या एका चलाख कीबोर्डवाल्याला ठरवले आणि मग दस्तगीरकडे गेले.

“तुला दगदग नको म्हणून दुसऱ्याला ठरवलं,” ते इकडेतिकडे बघत म्हणाले.

दस्तगीर म्हणाला, “बरं केलंस. जेवायला येऊ ना मांडवात, की तीही दगदग?”

जयंतराव चपला घालून निघाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मंगल कार्यालयात तालीम ठरली. कीबोर्डवाला तयारीचा होता. त्याची बोटे पाण्यासारखी धावत. जयंतरावांचा सूर अजून अर्ध्या वाटेवर असे तोवर तो पुढची ओळ गाठून थांबलेला असे. “काका, जरा लय उचला की,” तो दर वेळी अदबीने म्हणे. जयंतराव घाई करू लागले आणि कांडी घसरू लागली. त्यात पेटीतून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि जळल्याचा वास आला.

त्यांनी मागे वाकून पाहिले. नव्या व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद झाला होता. जुना जवळजवळ गार होता. त्यांनी नकळत दोन्ही तळहात पुढे केले. एका हाताला चटका बसला, दुसऱ्याला काहीच जाणवले नाही. नवा जुन्याला सांभाळून घेत नव्हता. तो सगळे ओझे एकटाच ओढत होता आणि जळत होता. एका जुवाला तरणा आणि थकलेला बैल जुंपल्यावर गाडी सरळ कशी चालेल?

जयंतरावांनी पेटी बंद केली. हाताचा चटका निवला, पण मनाचा निवेना. शेट्यांकडे परत जाणे सोपे होते. दस्तगीरकडे जायला पाय उचलत नव्हता. आपण मित्राला खोक्यातला जुना व्हॉल्व्ह समजलो, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? तरी ते गेले.

दस्तगीर अंगणात तांदूळ निवडत बसला होता. “काय रे जयंता, जेवायचं आमंत्रण द्यायला आलास?”

“नाही. तुझे हात पाहिजेत.”

“ते कापतात. म्हणून तर दगदग नको म्हणालास.”

“माझेही कापतात, दस्तू. फक्त गिटारीवर ते खपून जातं. लोकांना वाटतं, सूर घोळवतोय.”

दस्तगीर हसला. ताट बाजूला सरकवून त्याने चप्पल पायात घातली.

शेट्यांच्या दुकानात पेटी टेबलावर मांडली. जुन्या व्हॉल्व्हशेजारी टॉकीजचा एकेक व्हॉल्व्ह बसवायचा, तापू द्यायचा आणि दस्तगीरने डोळे मिटून हात धरायचे. शेटे माप घेऊन जवळ बसले.

“हा थंड आहे,” दस्तगीर म्हणे. “हा तापट. काढ.”

शेवटी एका व्हॉल्व्हपाशी त्याचे कापरे तळहात बराच वेळ राहिले. “हा आपल्यातला आहे,” तो म्हणाला. शेट्यांनी माप लावले आणि मान डोलावली.

कीबोर्डवाल्याला जयंतरावांनी जेवणाच्या वेळी वाजवायची विनंती केली. तो खुशीने कबूल झाला आणि त्याने ते काम छानच केले.

पाठवणीची वेळ आली. नवरी उंबऱ्याशी उभी राहिली. गिटारीचा पहिला सूर निघाला तो इतका हलका, की मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, “आवाज वाढवा.”

“एवढाच आहे,” जयंतराव म्हणाले आणि वाजवत राहिले.

मग कोणी पंखे बंद केले. कोणी आपल्या मुलांना जवळ घेतले. पांगलेली माणसे ऐकण्यासाठी पुढे सरकली आणि नवरीभोवती उभी राहिली. मध्येच एका जागी दस्तगीरची बोटे अडली. जयंतरावांनी कांडी हलवली नाही. आपला सूर लांबवत ते थांबले. दस्तगीर येऊन पोहोचला, तेव्हा दोघे मिळून पुढे गेले.

गाडी निघून गेल्यावर शैलाताई त्यांच्याजवळ आल्या. डोळे लाल होते.

“काका, तसंच नाही वाजलं.”

जयंतरावांनी कांडी गिटारीवर ठेवली.

“माझ्या वेळी तुम्ही फार सफाईने वाजवलं होतंत,” शैलाताई म्हणाल्या. “सगळे वाहवा करत होते. बाबा रडले, पण मी तुमच्या बोटांकडेच बघत राहिले, रडायचं राहूनच गेलं. आज राहिलं नाही.”

जयंतराव पेटी बंद करायला वाकले. दस्तगीरने ॲकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून उतरवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“चल जयंता, जेवून घेऊ. आता आमंत्रण आहे ना मला?”

तात्पर्य: जोडीतला एक गळला, तर त्याच्या जागी सगळ्यांत बळकट कोण ते शोधू नये, उरलेल्याच्या दमाशी ज्याचा दम जुळतो, त्यालाच शेजारी बसवावे. व्हॉल्व्ह असो की माणूस, सोबत ताकदीने टिकत नाही, सारख्या उबेने टिकते.