कुंभाराच्या बाळाचा साबण

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, साबण दुकानात मिळत नसे, घरच्या चुलीवर शिजत असे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे राहीआत्या राहत असे. साऱ्या गावाचा साबण तीच करी. केळीच्या खुंटांची आणि आघाड्याची राख ती तळाला भोक पाडलेल्या मडक्यात भरी आणि वरून पाणी सोडी. खालून पिवळसर खारं पाणी थेंब थेंब उतरे. ते करंजाच्या तेलात ओतून मंद आचेवर ढवळत राहिलं की तेल आणि पाणी एकजीव होई. शेवटी मूठभर मीठ टाकलं की साबण वर येऊन थिजे.

आत्या थकू लागली, तेव्हा पाटील म्हणाले, "राहीबाई, ही विद्या तुमच्याबरोबर जाता कामा नये. पोरांना शिकवा."

आत्या हरखली. तिच्या अंगणात पोरं जमू लागली. कोष्ट्याची ठकी त्यांत सगळ्यांत चटपटीत. राख चाळायची, कढई ढवळायची, सगळ्यांत ती पुढे.

आत्या मोठी मायाळू. पण तेल वाया गेलेलं तिला पाहवत नसे, आणि पोरांची उतरलेली तोंडं तर त्याहून नाही. खारं पाणी जहाल उतरलं की ती म्हणे, "जा रे, विहिरीवर हात धुऊन या." पोरं गेली की हळूच त्यात तांब्याभर साधं पाणी ओती. आच वाढली तर गुपचूप लाकूड मागे ओढी. पोरं परत येत, ढवळत, आणि साबण झकास उतरे. पोरांना वाटे, आपल्याला येतं. आत्यालाही तसंच वाटू लागलं.

पुढे बहीण आजारी पडली म्हणून आत्या परगावी गेली. इकडे कुंभाराची सून सुंदरा बाळंत झाली. पोरं म्हणाली, "बारशाचा साबण आपण करू!" त्यांनी मन लावून तो केला. गुळगुळीत वड्या पाडल्या आणि केळीच्या पानात गुंडाळून दिल्या.

बारशाच्या सकाळी सुंदराने त्याच साबणाने बाळाला न्हाऊ घातलं. बाळाने टाहो फोडला. बघता बघता त्याची पाठ लालबुंद झाली, कोवळी कातडी सोलवटली.

आत्या परतली ती थेट कुंभाराच्या घरी. सुंदरा बाळाला पालथं घेऊन बसली होती. पाठीवर लोणी लावलेलं होतं. बाळ निजलं होतं, पण झोपेतही हुंदके देत होतं.

ओसरीवर पाटील संतापले होते. "उद्यापासून एकही पोर कढईकडे फिरकणार नाही!"

ठकी खांबाआडून म्हणाली, "आत्या, आम्ही सगळं तुझ्यासारखंच केलं गं."

"खारं पाणी पाहिलंत का, किती जहाल होतं ते?"

"पाहायचं कशाला? नेहमी बरोबरच असायचं की!"

आत्या उंबऱ्यावरच बसली. विहिरीकडे पळणारी पोरं आणि आपला तांब्या धरलेला हात तिच्या डोळ्यांपुढे आला.

"पाटील," ती म्हणाली, "पोरांचं पाणी दर खेपेला बिघडायचं. मी ते लपून सुधारत होते. ही पाठ त्यांनी नाही भाजली, मी भाजली."

सुंदराने बाळावरून नजर न काढता विचारलं, "मग आता काय करशील?"

"पुन्हा शिकवीन. या वेळी बिघडू देईन."

बाळाची पाठ भरून आली, पाटलांनीही परवानगी दिली, आणि आत्याने पुन्हा चूल पेटवली. खाऱ्या पाण्यात कोंबडीचं पीस बुडवायला तिने पोरांना शिकवलं. पीस झटकन विरघळलं तर पाणी जहाल, नुसतंच भिजलं तर कमजोर, हळूहळू विरघळलं तर बेताचं. तरीही पोरं चुकली. एकदा कढईभर तेल नासलं. तांब्याकडे जाणारा हात आत्याने मांडीखाली दाबून धरला. पोरं रडली, भांडली, आणि मग कुठे चुकलं ते त्यांनी स्वतःच शोधून काढलं.

शेवटी साबण जमला. ठकी एक वडी घेऊन सुंदराच्या दारात गेली. तिने ती आपल्या दंडावर चोळली आणि फेस तसाच ठेवून उभी राहिली. सुंदरा बराच वेळ त्या दंडाकडे पाहत होती. मग तिने दंड धुतला, त्यावरून बोटं फिरवली आणि वडी हातात घेतली.

"पाणी तापत ठेवलंय," ती म्हणाली. "ये, तूच घाल त्याला न्हाऊ."

म्हणून जाणते सांगतात: शिकणाऱ्याची चूक झाकून सुधारू नये, ती त्याला दिसू द्यावी.