हलव्याच्या काट्याची कहाणी

ऐक बाई संक्रांतमाई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हाती अक्षता घ्या, पोरांना जवळ बसवा. नुसती बसवा, गप्प करू नका. का ते पुढं कळेल.

आटपाट असं एक नगर होतं. नगराच्या कडेला ओढा, ओढ्याकाठी बोरीची झाडं, आणि बोरींच्या अलीकडे येसूचं घर. येसूचा नवरा गंगाजी तेलाचा घाणा चालवी. येसूला एक लेक होती, चिमी, पाच वर्षांची. आणि एक तान्हा होता, नुकता बसायला लागलेला. त्याला सगळे बाळराजे म्हणत.

येसूचा हलवा म्हणजे काय सांगावं! पौषात पहाटे उठे, शेगडीत निखारे घाली, वर राख पसरी, राखेवर परात ठेवी. परातीत तीळ टाकी, तिळावर चमचाभर पाक सोडी, आणि बोटांनी तीळ फिरवत बसे. फिरवता फिरवता तीळ पांढरा होई, फुगे, आणि त्याला बारीक बारीक काटा फुटे. गेली तीन वर्षं तर असा काटा येई की बायका दाणा तळहातावर घेऊन बघत राहत. मग कुणाच्या सुनेची पहिली संक्रांत, कुणाच्या नातवाचं बोरन्हाण, सगळीकडे हलव्याचे दागिने येसूच्या हातचे. हार तिचा, बाजूबंद तिचे, मुकुट तिचा. शेजारची दुर्गाकाकू विचारी, येसू, काटा कसा गं आणतेस? येसू नुसती हसे. बायका म्हणत, काय गुणाची आहे, पण सांगत नाही. आता बायांनो, आतली गोष्ट ऐका. सांगत नव्हती, कारण तिला ठाऊकच नव्हतं. हात चाले, काटा येई. का येई, ते तिलाही कळत नसे. पण तसं म्हणायची तिला लाज वाटे.

मग काय झालं? पौष आला, थंडी पडली, शाळेला सुट्टी लागली. चिमी दिवसभर घरी. सुट्टीतली पोरं घरात असली की काय होतं ते मी तुम्हांला काय सांगू, इथं मागं दोघं जण आत्ताच पडदा ओढताहेत. चिमी उठली की विचारायला लागे. सूर्याला उत्तरेला जायला कुणी सांगितलं? संक्रांत यंदा कशावर बसून येणार? वाघावर आली तर आपल्या म्हशीचं काय? बाळराजांना दात नाहीत, मग ते हसतात कशानं? गंगाजी घाण्यावरून आला की त्याला विचारी, बाबा, बैल आज किती फेरे फिरला? रोज विचारी, आणि गंगाजी रोज काहीतरी आकडा सांगे.

यंदा बाळराजांचं बोरन्हाण होतं, घरचेच दागिने करायचे होते, वर नगरातल्या बायकांचे होते. येसूची धांदल उडाली होती. एके दिवशी चिमी शेगडीपाशी आली, परातीत डोकावली, म्हणाली, आई, हलव्याला काटा का येतो? येसू म्हणाली, हात मोकळा नाही, मग सांगेन. दुसरे दिवशी चिमी आली, परातीत डोकावली, म्हणाली, आई, हलव्याला काटा का येतो? येसू म्हणाली, मोठी झालीस की कळेल. तिसरे दिवशी दागिने सांगायला बायका आल्या होत्या. दुर्गाकाकू होती, आणखी चौघी होत्या. चिमी आली, परातीत डोकावली, बायकांकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि म्हणाली,

"आई, तुला ठाऊक नाही का?"

बायका हसल्या. वाईट मनानं नाही, लेकराचं बोलणं म्हणून हसल्या. पण येसूचे कान लाल झाले. तिनं चिमीचा दंड धरला आणि म्हणाली,

"आता एक शब्द विचारलास तर बघ. संक्रांत होईतोवर काही म्हणजे काही विचारायचं नाही."

चिमी बरं म्हणाली. आणि बायांनो, ती पोर दिल्या शब्दाला जागली.

पहिले दिवशी येसूला बरं वाटलं. घर कसं शांत. दुसरे दिवशी तिच्या ध्यानात आलं की चिमीनं भाकरी मागितली नाही. आणखी देतेस का, हेही विचारणंच, म्हणून मागितली नाही. पानात पडलं तेवढं खाल्लं आणि उठली. तिसरे दिवशी गंगाजी घाण्यावरून आला, पाय धुतले, ओसरीवर बसून राहिला. चिमी समोर होती. बैलाचे फेरे कुणी विचारले नाहीत. मग त्यानं आपणच आकडा सांगितला, आणि चिमी नुसती मान हलवून आत गेली.

आणि इकडे हलव्याचं काय झालं? काटा येईना. पहिली परात घेतली, दाणे वाटाण्यासारखे गुळगुळीत. येसू म्हणाली, साखर वाईट. साखर बदलली, दुसरी परात घेतली, दाणे गुळगुळीत. येसू म्हणाली, निखारे वाईट. निखारे बदलले, तिसरी परात घेतली, दाणे गुळगुळीतच. आता काय बदलावं ते तिला सुचेना. का येतो ते कधी शोधलं नव्हतं, मग का येत नाही ते कसं कळावं? ती परात पुढ्यात घेऊन बसली. कोपऱ्यात चिमी बाळराजांच्या झबल्याची गाठ सोडत आणि बांधत बसली होती. येसूला परातीकडं बघवेना आणि लेकीकडंही बघवेना.

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. अंगावर काळं घोंगडं, पायात धूळ, हातात उसाचं कांडं. म्हणाली, बाई, वाऱ्यानं हात गारठलेत, शेगडीशी बसू दे. येसूनं पाट दिला, गूळपाणी दिलं, गरम खिचडी वाढली. म्हातारी जेवली, शेकली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि म्हणाली,

"बाई, तुझ्या लेकीला काय दुखतंय?"

येसू म्हणाली, काही नाही, चांगली आहे. म्हातारी म्हणाली, चांगली कशी? माझ्यासारखी अनोळखी बाई आली, काळं घोंगडं पांघरून आली, ऊस घेऊन आली. पाच वर्षांच्या पोरीनं कोण गं तू म्हणून विचारलं नाही. माझ्या उसाकडं बघितलं, आणि मान खाली घातली. असं लेकरू मी बघितलं नाही.

येसूला रडू आलं. तिनं सगळं सांगितलं. काट्याचं सांगितलं, बायका हसल्या ते सांगितलं, पोरीला काय बोलली तेही सांगितलं. म्हणाली, आता मी रोज तिला म्हणते, विचार गं, विचार. ती विचारत नाही. हलव्याला काटा न का येईना, पण माझी पोर पहिल्यासारखी बोलू दे.

म्हातारी म्हणाली, तुला एक वसा सांगते. येसू म्हणाली, कोणता वसा, तो कसा वसावा? म्हातारी म्हणाली, पौषाची थंडी असावी, लेकरं घरी असावीत. पहाटे उठावं, चुलीवर पाणी ठेवावं, लेकराला मांडीवर घ्यावं. त्याला विचारू द्यावं. ठाऊक असेल ते सांगावं. नसेल तर मला ठाऊक नाही असं मोठ्यानं म्हणावं, त्याचं बोट धरावं आणि बघायला जावं. मग सांगेन म्हणू नये. मोठी झालीस की कळेल म्हणू नये. खोटं तर मुळीच सांगू नये. असं पाच सकाळी करावं. घेतला वसा मध्येच सोडू नये.

येसू म्हणाली, पण ती विचारतच नाही. म्हातारी म्हणाली, मग तू विचार. येसू म्हणाली, मला ठाऊक नाही असं मोठ्यानं म्हणू? लोक काय म्हणतील? म्हातारी म्हणाली, सोपं असतं तर वसा कशाला म्हटलं असतं? उसाचं कांडं चिमीपुढं ठेवलं, घोंगडं सावरलं, आणि निघून गेली.

पहिले दिवशी येसू पहाटे उठली, चुलीवर पाणी ठेवलं, चिमीला मांडीवर घेतलं. चिमी गप्प. मग येसूनं विचारलं, थंडीत तोंडातून वाफ का गं येते? मला ठाऊक नाही, चल बघू. दोघी अंगणात गेल्या. हाः करून तांब्यावर फुंकलं, तांब्या ओला झाला. म्हशीच्या नाकाशी हात धरला, हात ओला झाला. चिमीनं हात बघितला, बोलली नाही.

दुसरे दिवशी येसू उठली, पाणी ठेवलं, लेकीला मांडीवर घेतलं. बोर एका अंगानं लाल आणि एका अंगानं हिरवं का? मला ठाऊक नाही, चल बघू. दोघी ओढ्याकाठी गेल्या. काट्यांत हात घालून बोरं बघितली. चिमीनं आईचं बोट ओढलं, उन्हाकडं दाखवलं, मग बोराच्या लाल अंगाकडं दाखवलं. पण बोलली नाही.

तिसरे दिवशी विहिरीवर गेल्या. बाहेर एवढी थंडी, आणि विहिरीचं पाणी कोमट का? पोहऱ्यात हात घालून बघितला, चिमी खुदकन हसली. हसली, पण बोलली नाही.

चौथे दिवशी येसूनं मुंग्यांना थंडी वाजते का ते विचारलं, आणि विचारता विचारताच थांबली. तिला आपलंच कळलं. बोरीपुढं मला ठाऊक नाही म्हणायला काय लागतं? म्हशीपुढं काय लागतं? जिथं लाज वाटते तिथं मी गेलेच नाही. पोरीला ते कळतं, म्हणून पोर वाट बघते आहे. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पाचवे दिवशी भोगी. येसू उठली, पाणी ठेवलं, तीळ लावून बाजरीची भाकरी थापली. चिमीला मांडीवर घेतलं, पण काही विचारलं नाही. उजाडलं, आणि दागिने न्यायला बायका आल्या. दुर्गाकाकू पुढं, त्या चौघी मागं. येसूनं शेगडी पेटवली, परात ठेवली, तीळ टाकले. चिमीला जवळ बसवलं. चमचाभर पाक घातला, आणि चमचा हातात तसाच धरून म्हणाली,

"बायांनो, हलव्याला काटा का येतो ते मला ठाऊक नाही. कधीच ठाऊक नव्हतं. माझ्या लेकीनं खरं तेच विचारलं, आणि मी तिला गप्प केलं."

दुर्गाकाकू हळूच म्हणाली, अगं, मी तर तुझं बघून घरी करून बघते, माझा दर वर्षी गुळगुळीत होतो, मी कुणाला दाखवत नाही. मागून एक म्हणाली, माझाही. दुसरी म्हणाली, माझा तर परातीलाच चिकटतो. बायका हसायला लागल्या, येसूही हसायला लागली. आणि त्या हसण्यात, परातीच्या पलीकडून, इतक्या दिवसांनी आवाज आला.

"आई, विचारू का?"

येसूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हणाली, विचार गं माझी बाय, विचार. मग काय, पोरीनं साठवून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. ती म्हातारी कोण होती? तिचं घोंगडं काळं का होतं? बैल आज किती फेरे फिरला? मुंग्यांना थंडी वाजते का? येसू एकेकाला जवाब देत होती. ठाऊक नाही. ठाऊक नाही. ते बाबांना विचारू. ठाऊक नाही, बघू. एक हात तीळ फिरवत होता, चमचा मात्र दुसऱ्या हातात तसाच वरच्यावर राहिला होता.

चिमी परातीत डोकावली आणि म्हणाली, आई, हे बघ. बायका वाकल्या. तिळाला बारीक बारीक काटा फुटला होता.

चिमी म्हणाली, आई, तुझा चमचा थांबला म्हणून आला का? येसू म्हणाली, ठाऊक नाही, बघू. परातीत दुसरे तीळ टाकले, त्यांचे दोन भाग केले. एका अंगाला चमचाभर पाक घातला, फिरवला, वाळू दिला, मगच दुसरा घातला. दुसऱ्या अंगाला चमच्यावर चमचा घातला. इकडे काटा आला, तिकडे गुळगुळीत झाला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मग येसूला उमगलं. तीन वर्षांपूर्वी चिमी बोलायला लागली होती. चिमी विचारी, येसू चमचा थांबवी, तिच्यावर ओरडे, आणि तेवढ्यात पाक वाळून काटा फुटे. पोर गप्प झाली आणि चमचा थांबवणारं कुणी उरलं नाही. येसूनं लेकीला पोटाशी धरलं. बायका म्हणाल्या, दागिन्यांची घाई नाही, रथसप्तमीपर्यंत दे, आम्हीही सावकाश करून बघतो.

संध्याकाळी गंगाजी आला, पाय धुतले, ओसरीवर बसला. चिमीनं विचारलं, बाबा, बैल आज किती फेरे फिरला? गंगाजी म्हणाला, मला ठाऊक नाही गं, मी कधी मोजलेच नाहीत. उद्या ये, दोघं मोजू.

मग संक्रांत झाली, सुगडं पुजली, तिळगूळ वाटला. आणि रथसप्तमीला बाळराजांचं बोरन्हाण झालं. काळं झबलं घातलं, हलव्याचा मुकुट घातला, हातात हलव्याची मुरली दिली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले. पोरं तुटून पडली. हळदीकुंकवाला नगरातल्या बायका ओळीनं उभ्या. येसू करंडा घेऊन उठली, पहिल्या बाईच्या कपाळाशी बोट नेलं, तोच मागून अं असा आवाज आला.

बाळराजांनी मुरलीवरचा एक काटेरी दाणा बोटानं दाबला होता. दाणा बघितला, आईकडं बघितलं, बोट पुढं केलं, आणि पुन्हा म्हणाले, अं?

येसूनं करंडा खाली ठेवला. म्हणाली, "थांबा जरा बायांनो, तो विचारतोय." आणि त्याच्यापुढं मांडी घालून बसली. नगरातल्या बायका तशाच ओळीनं उभ्या राहिल्या, आणि कुणी घाई केली नाही.

संक्रांतमाई, येसूच्या घरी लेकरांची वाणी जशी नांदली, तशी तुम्हां-आम्हां ऐकणाऱ्यांच्या घरी नांदो. विचारणाऱ्याला विचारता येवो, आणि आम्हांला ठाऊक नाही म्हणता येवो. ही साठां प्रश्नांची कहाणी पांचां सकाळीं सुफळ संपूर्ण.